उपरोधाची किंमत

उपरोध ज्या सत्तेवर शस्त्र उगारतो, तिच्याच आश्रयाने तो जगू लागला, तर त्याची धार टिकते काय? ‘ब्लॅक मिरर’ ह्या ब्रिटिश दूरचित्रवाणी-मालिकेचा विचार करताना हा प्रश्न टाळता येत नाही. चार्ली ब्रूकर ह्यांची ही मालिका २०११ साली चॅनल फोरवर सुरू झाली. तिच्या नावातील काळा आरसा म्हणजे पडद्याची थंड, चकाकती काच.

त्याच वर्षीचा ‘फिफ्टीन मिलियन मेरिट्स’ हा भाग ब्रूकर व कॉनी हक ह्यांनी लिहिला. त्यातील माणसे जागच्या जागी सायकली चालवून ‘मेरिट’ नावाचे चलन मिळवतात आणि भिंतींवरील पडद्यांपायी ते खर्च करतात. जाहिरात टाळायलाही किंमत पडते. डोळे मिटले, तर ते उघडेपर्यंत कर्कश आवाज पाठ सोडत नाही. मृत भावाकडून लाभलेली पुंजी वेचून बिंग अबीला कलास्पर्धेत पाठवतो. परीक्षक तिला अश्लील वाहिनीकडे वळवतात. पुढे तोच बिंग, फुटलेल्या पडद्याच्या काचेचा तुकडा गळ्याला लावून, त्याच रंगमंचावरून साऱ्या व्यवस्थेचा धिक्कार करतो. परीक्षक त्याला शिक्षा करीत नाहीत. त्याच्या संतापाची वाहवा करून त्याला स्वतंत्र कार्यक्रम देतात. तो धिक्कार नियमित प्रक्षेपित होऊ लागतो. पडद्यावरील प्रतिरूपांसाठी तसले काचेचे तुकडेही विक्रीस येतात.

ही कथा यंत्राच्या जुलमाची आहे, असे म्हणणे अपुरे होय. येथील खरी क्रूरता यंत्राची नसून मोलाची आहे. अबीचे दुःख बिंगच्या संतापाला निमित्त होते, तिला स्वतःची वाणी मात्र मिळत नाही, हे ह्या कलाकृतीचे वैगुण्य मान्य केलेच पाहिजे.

२०१६ पासून ही मालिका नेटफ्लिक्सवर आली. २०२३ मधील ‘जोन इज ऑफुल’ ह्या भागात स्ट्रीमबेरी नावाची संस्था नेटफ्लिक्सचेच विडंबन करते. विनोद चतुर आहे. परंतु शेवटी यंत्र फोडले जाते, नायिका सुटते आणि प्रेक्षक निश्चिंत होतो. धन्याच्या संमतीने केलेली थट्टा त्याला फारशी महाग पडत नाही. उलट, बिंगच्या कथेच्या अखेरीस त्याच्यासमोर हिरवे अरण्य पसरलेले दिसते. ती खिडकी की आणखी एक पडदा, हे कळत नाही. ही संदिग्धता म्हणजे लेखकाची स्वतःविषयीची कबुलीच होय. आपण विकले जात आहोत, हे जो उपरोध लपवीत नाही, त्याचीच धार काही अंशी शाबूत राहते.