ड्यू ऑन

पर्चेस ऑर्डर हा वाङ्मयप्रकार रसिकांनी कधी मनावर घेतला नाही. नेपियर टाउनमधल्या सीएंच्या टेबलांवर जबलपूरच्या सलवार-सूट शिवणाऱ्यांच्या ऑर्डरी येतात, तेव्हा सगळे रक्कम बघतात. माझी नजर तारखांवर जाते.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर दिसणारी, एफ-टू दाबून बदलता येणारी तारीख सरळमार्गी असते. ऑर्डर कधी दिली एवढंच ती सांगते. खरी गोडी मालाच्या नावावर एंटर मारल्यावर उघडणाऱ्या छोट्या चौकटीत आहे. तिथे 'ड्यू ऑन', म्हणजे माल यायची तारीख, येते. ही तारीख प्रत्येक मालाची वेगळी असू शकते, एकाच मालाचे वाटेही करता येतात. पाचशे मीटर कापडापैकी दोनशे 5 तारखेला, उरलेलं 20 तारखेला. अशी ओळ लिहिणाऱ्याला कटिंग टेबलाचा वेग, गोडाऊनची जागा आणि गल्ल्यातली शिल्लक, तिन्ही ठाऊक असतात. काय देखणी ओळ! घाईतला माणूस तिथेही ऑर्डरचीच तारीख ठेवतो, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा माल थकीत दिसू लागतो.

पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय जबलपुरातच. रेल्वेला माल पुरवणारे याच तारखेला 'डीपी', म्हणजे डिलिव्हरी पिरियड, म्हणतात आणि ती हुकली की मुदतवाढीसाठी धावतात. खासगी व्यापारात मात्र उशिरा आलेला माल निमूट उतरवून घेतात. मुदत ही कराराची मुख्य अट असेल, तर 1872च्या करार कायद्याचं कलम 55 इथे बारकाईनं वाचावं: उशिराचा माल घेताना भरपाई मागणार असल्याची सूचना दिली नाही, तर नंतर ती मागता येत नाही. म्हणजे या तारखेचं वजन गोडाऊनच्या दारात ठरतं.

एक उणीव मात्र राहते. 2006च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यायचे, तेही माल स्वीकारल्यापासून मोजून. ऑर्डरमध्ये त्या दिवसाला जागाच नाही. तो माल आल्यावर बनणाऱ्या रिसिट नोटवर सापडतो. बिल टॅलीत चढवलं त्या दिवसापासून मोजणाऱ्याचा हिशेब इथेच चुकतो. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकराच्या कलम 43बी(एच)नंतर ही चूक महाग पडू लागली: मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरत नाहीत. सीए आता बिलाआधी रिसिट नोट मागतात.