गुलामांची बोली आणि कादंबरीचा संकोच

पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'जेम्स' (२०२४) या कादंबरीला नॅशनल बुक अवॉर्ड आणि पुलित्झर हे दोन्ही सन्मान मिळाले, आणि अमेरिकेतील गुलामगिरी कोणत्या भाषेत सांगावी हा जुना प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला. मार्क ट्वेनच्या हकलबरी फिनचा सोबती जिम येथे स्वतः निवेदक आहे. जज थॅचरच्या ग्रंथसंग्रहातील पुस्तके चोरून वाचणारा हा गुलाम आपल्या माणसांत प्रमाण इंग्रजी बोलतो आणि गोऱ्यांसमोर तेवढी मोडकी बोली पांघरतो. स्वयंपाकघरात आग लागल्याचे मालकिणीला थेट न सांगता, ती तिनेच प्रथम पाहिली असे तिला वाटावे म्हणून कसे बोलायचे, याचा धडा तो मुलांना देतो. हा प्रसंग अव्वल दर्जाचा आहे, कारण दहशतीखाली जगणाऱ्यांचे शहाणपण त्यात नेमके पकडले आहे. तथापि गुलामाची बुद्धी वाचकाला पटावी म्हणून त्याची बोली सोंग ठरवावी लागते, हे या रचनेमागचे गृहीतक मान्य होण्याजोगे नाही.

कोलसन व्हाइटहेड यांनी २०१६ च्या कादंबरीत 'अंडरग्राउंड रेलरोड'ची, म्हणजे पळून जाणाऱ्या गुलामांना साहाय्य करणाऱ्या गुप्त जाळ्याची, खरीखुरी भुयारी आगगाडी केली. कल्पना चमकदार आहे, पण बोलणारा माणूस तिच्यात हरवतो. चाबकाच्या फटक्यांवरच भिस्त ठेवणाऱ्या चित्रपटांनी तर त्याला बोलूच दिले नाही.

खरा ऐवज 'बॅराकून'मध्ये आहे. गुलामांची आयात १८०८ पासून बेकायदा असूनही १८६० मध्ये 'क्लोटिल्डा' जहाजातून अलाबामात आणलेल्या कुजो लुईस ऊर्फ ओलुआले कोसोला यांची ही आत्मकथा झोरा नील हर्स्टन यांनी त्यांच्या घरी जाऊन टिपून घेतली. कधी पीचची फळे न्यावीत, कधी चर्च झाडायला हात लावावा, आणि वृद्धाची बोलण्याची इच्छा नसेल त्या दिवशी मुकाट्याने परत फिरावे, अशा धीराने ती उतरली आहे. प्रकाशकाने बोली काढून प्रमाण भाषा वापरण्यास सांगितले, हर्स्टन यांनी नकार दिला, आणि १९३१ चे ते हस्तलिखित पुस्तकरूपाने यायला २०१८ साल उजाडले.

त्याच वर्षी ट्रेसी के. स्मिथ यांच्या 'वेड इन द वॉटर' या संग्रहात यादवी युद्धातील कृष्णवर्णीय सैनिकांची व त्यांच्या कुटुंबीयांची पत्रे आणि जबान्या यांतूनच रचलेली एक दीर्घ कविता आली, आणि त्यातील मूळ अशुद्धलेखन कवयित्रीने शक्य तितके तसेच राखले. निवृत्तिवेतन मागणाऱ्याला तेथे आपले नाव, वय आणि विवाह सिद्ध करावा लागतो, आणि गुलामांच्या विवाहाला तर कायद्याची मान्यताच नव्हती. त्या अडखळत्या वाक्यांत जी बुद्धी झगडते आहे, तिला 'जेम्स'च्या निवेदकाला स्वप्नात भेटणाऱ्या फ्रेंच विचारवंत व्होल्टेअरच्या दाखल्याची गरज नाही.

दक्षिणेतील अनेक राज्यांनी गुलामाला अक्षरे शिकवणे गुन्हा ठरवले होते, मग त्याच अक्षरांच्या सफाईवर गुलामाची प्रतिष्ठा का तोलावी? जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला, आणि त्याच फुल्यांच्या मराठीचे दोष विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमालेत काढले. व्याकरणाच्या आडून आशय कसा टाळला जातो, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. फ्रेडरिक डग्लस यांच्या १८४५ च्या आत्मवृत्ताची थोरवी वादातीत आहे, परंतु कसदार गद्य लिहिणारा गुलाम हाच साऱ्या गुलामांचा आवाज मानला, तर अर्जावर सहीऐवजी फुली मारणारी सैनिकाची विधवा पुन्हा एकदा साक्षीबाहेर राहते.