विरहाविना बारमासा : दुर्गा भागवतांच्या लेखनातील एकलेपण

रायपूरच्या परिसरात कार्तिकात, भातकापणीच्या सुमारास, स्त्रिया टोपलीतल्या धान्यावर मातीचा राघू ठेवून त्याच्याभोवती फेर धरतात आणि सुआगीते गातात. राघूला निरोप्या करून बाईजन्माचे दुःख त्याच्याजवळ बोलायचे, ही या गीतांची रीत. छत्तीसगढीत आणि उत्तरेच्या इतर लोकभाषांत रुजलेली बारमासी ही तिचीच थोरली बहीण. बाराही महिन्यांचे वर्णन तीत येते. परंतु आषाढ येतो तो सजण परतला नाही हे सांगण्यासाठी आणि फाल्गुन येतो तो रंग कोणाबरोबर खेळावा हे विचारण्यासाठी. ऋतू हे येथे विरहाचे मोजमाप असते. स्त्रीचा काळ हा वाट पाहण्याचा काळ, हे गृहीत या गीतप्रकाराच्या मुळाशीच आहे.

दुर्गा भागवत (1910–2002) यांच्या लेखनाचा विचार या पार्श्वभूमीवर केला, तर एक दुर्लक्षित बाजू उजेडात येते. इंदूरला जन्मलेल्या आणि मुंबईत स्थिरावलेल्या या विदुषीने तरुणपणी गोंडांच्या मुलखात भ्रमंती केली. रायपूर तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. सिहावाच्या डोंगरात उगम पावणारी महानदी पुढे बाईंच्या गोंडजीवनावरील ‘महानदीच्या तीरावर’ या पुस्तकाच्या नावातच येऊन बसली. याच भ्रमंतीत विषारी अन्न पोटात गेल्याने त्यांना दीर्घ आजारपण सोसावे लागले. एकट्या अविवाहित स्त्रीने रानावनांत हिंडून लोकगीते गोळा करावीत, ही त्या काळी सुशिक्षित मराठी घरांतही साधी गोष्ट नव्हती. त्या आजन्म अविवाहित राहिल्या.

‘ऋतुचक्र’ (1956) हे चैत्रापासून फाल्गुनापर्यंत बारा महिन्यांचे पुस्तक. बाह्य रचनेने तो बारमासाच आहे. लोकसाहित्याच्या या अभ्यासिकेला बारमासी अपरिचित असणे संभवत नाही. पण येथे विरहिणी नाही, आणि न परतलेला सजणही नाही. निवेदिका एकटी आहे. मात्र तिचे एकटेपण कोणाच्या अनुपस्थितीतून निर्माण झालेले नाही. झाडाची पानगळ ही पानगळच राहते, ती कोणाच्या दुराव्याची खूण ठरत नाही. शेकडो वर्षे प्रतीक्षेला जुंपलेले महिने या गद्यात प्रथमच मोकळे सुटलेले दिसतात. ललित निबंधाच्या इतिहासात ‘ऋतुचक्रा’ची नोंद निसर्गलेखन म्हणून होते आणि ती रास्तही आहे. तथापि स्त्रीच्या काळभानात घडलेला हा पालट त्या नोंदीत हरवतो.

हे वैराग्य आहे काय? मराठीत एकल स्त्रीला प्रतिष्ठा मिळाली ती बहुधा वैराग्याच्या वाटेने. आद्य कवयित्री महदंबा ही बालविधवा, महानुभाव पंथातील साधिका. आणि तिच्या नावावरची प्रसिद्ध रचना म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे. संसार नसलेल्या स्त्रीने दुसऱ्याच्या लग्नाची गाणी रचावीत, यातला विरोधाभास सातशे वर्षांनंतरही बोचतो. विसाव्या शतकात विभावरी शिरूरकरांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ने (1933) शिकलेल्या प्रौढ कुमारिकेची घुसमट निर्भयपणे मांडली. ते धाडस मोठेच होते. परंतु त्या कथांतील एकटेपण हा उसासाच होता. म्हणजे परंपरेने दोन साचे दिले : एक त्यागाचा, दुसरा वंचनेचा. भागवतांचे गद्य या दोन्हींत बसत नाही. रंग, गंध, स्पर्श, चव यांना तेथे तोटा नाही. ‘खमंग’सारखे पाककलेचे पुस्तक लिहिणारी लेखिका घराला पारखी झालेली नव्हती; तिने घर विवाहावर अवलंबून ठेवले नाही, इतकेच.

हा विवाहाचा तिटकाराही नव्हे. त्यांच्या भगिनी कमला सोहोनी या केंब्रिजच्या डॉक्टरेटपर्यंत पोहोचलेल्या जीवरसायनशास्त्रज्ञ, आणि विवाहित. एकाच घरातून दोन वाटा निघाल्या आणि दोन्ही विद्येच्याच होत्या. तेव्हा प्रश्न विवाह की विद्या असा नसून, न पटलेल्या सहजीवनाशी केवळ एकटेपणाच्या भयाने तडजोड करावी काय, असा आहे. थोरोचे ‘वॉल्डन’ मराठीत आणणाऱ्या या लेखिकेच्या बाबतीत दुटप्पीपणा विशेष जाणवतो. तळ्याकाठी एकटा राहणारा अविवाहित पुरुष तत्त्वचिंतक ठरतो. एकट्या स्त्रीला मात्र आधी कारण विचारले जाते.

समीक्षेनेही हे कारण वेगवेगळ्या रूपांत शोधले. आणीबाणीतील त्यांच्या निर्भयतेचा, म्हणजे 1975 च्या कराड साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भूमिकेचा आणि 1976 मधील अटकेचा संबंध त्यांच्या पाशमुक्त आयुष्याशी जोडण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. प्रमिला दंडवते विवाहित होत्या आणि त्यांनीही तुरुंगवास भोगला. धैर्याचे मूळ वैवाहिक स्थितीत शोधणे म्हणजे बाईच्या प्रत्येक कृतीचा हिशेब पुन्हा लग्नाच्या वहीत मांडणे होय.

एक मर्यादा मात्र नोंदवली पाहिजे. भागवतांच्या एकलेपणाला विद्याव्यासंगी घराचा, भावंडांचा आणि ग्रंथालयाचा आधार होता. ज्या मुलीला नकार दिल्यावर राहायला खोली मिळत नाही, जिचे आजारपण सांभाळायला कोणी नाही, तिच्या वाट्याची काळोखी बाजू या गद्यात फारशी उमटत नाही. एकलेपणाची किंमत लेखिकेने चुकवली असणारच; तिची वाच्यता तिने क्वचितच केली. हे मौन संयमाचे असेल, अभिमानाचेही असेल. परंतु त्यामुळे नंतरच्या वाचक स्त्रीला तृप्ती दिसते, तिच्यामागचा रोजचा खर्च दिसत नाही. हे उणे मान्य करूनच या लेखनाचे मोल ठरवावे लागते.

ते मोल ‘पैस’ या शब्दात सापडते. नेवाशाच्या खांबाचे हे लोकनाम त्यांनी आपल्या लेखसंग्रहाला दिले आणि त्याच पुस्तकाला 1971 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैसपणा. ज्ञानदेव ज्याला टेकून बसले असे मानतात तो खांब आधाराचा आहे; नाव मात्र मोकळ्या जागेचे आहे. आधार हवा, पण तो जागा अडवणारा नको, एवढीच स्त्रीची मागणी असू शकते. रायपूरकडच्या फेरात राघूजवळ निरोप देणाऱ्या बाईला ही मागणी उच्चारायला शब्द नव्हते असे नाही. तिचा प्रत्येक महिना दुसऱ्याच्या नावे लिहिलेला होता. भागवतांनी ते बारा महिने एका बाईच्या नावावर करून दाखवले.