चाकण दोन फाशांत

21 जून 1660 ला शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. आत फिरंगोजी नरसाळा आणि तीनशेच्या आसपास माणसं. भर पावसात हा भुईकोट छप्पन्न दिवस झुंजला. सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हाच पडला. स्टॉकहोमच्या पॅरॅडॉक्स कंपनीच्या ‘युरोपा युनिव्हर्सालिस 4’ (2013) या संगणकावरच्या डावपेचांच्या खेळात वेढ्याचा फासा तीस दिवसांनी एकदा पडतो. तिथे फिरंगोजीची अख्खी झुंज दुसरा फासा पडायच्या आतच आटोपते.

या जातीच्या खेळांत साम्राज्य फार स्वस्तात मिळतं, ही खेळाडूंची जुनी तक्रार. ती रास्त आहे, पण सगळं खापर संगणकाच्या बिनडोकपणावर फोडण्यात अर्थ नाही. ‘एम्पायर: टोटल वॉर’ (2009) मध्ये 1700 सालापासून मराठे होऊन खेळता येतं. खऱ्या 1700 मध्ये मार्चला राजाराम महाराज गेले, एप्रिलला सातारा औरंगजेबाच्या हाती पडला. पडद्यावर मात्र सरदार सांगकामे, टर्न सहा महिन्यांचा. हात बसलेला गडी बघता बघता दिल्लीच्या वेशीवर!

मुळात या खेळांना मालकी तेवढी कळते. प्रांत तुमचा, नाहीतर दुसऱ्याचा. फार तर मांडलिकाचा. मराठी राज्य वाढलं ते या कप्प्यांच्या फटीतून. 1719 च्या सनदांनी दख्खनच्या सहा सुभ्यांची चौथाई नि सरदेशमुखी मिळाली. नकाशावर सुभे बादशहाचेच, वसुलीला माणसं आपली. हे कुठल्या रंगात दाखवणार?

रसदीचं तर विचारूच नका. तळेगाव चौकात व्हेंडरची एक गाडी अडकली की लाइन उभी राहते, हे आजच्या चाकणच्या कारखान्यांतल्या कुठल्याही सुपरवायझरला ठाऊक असतं. ‘युरोपा’त मात्र फौजेची झीज साधारणपणे महिन्याला पाच टक्क्यांवर जात नाही. पानिपतावर भाऊंची छावणी अशी टक्क्याटक्क्याने उपाशी पडली नव्हती. आणि त्या पराभवाची बातमी नानासाहेबांना दहाएक दिवसांनी कळली, तीही वाटेत हाती लागलेल्या सावकारी पत्रातून. खेळात ती त्याच क्षणी चौकट होऊन समोर येते. नाही आवडली तर जुनी सेव्ह आहेच.

‘क्रुसेडर किंग्ज 3’ (2020) मला म्हणूनच जास्त शहाणा वाटतो. राजा मेला की कमावलेलं पोरांत वाटलं जातं आणि सख्खा भाऊ उरावर बसतो. सातारा-कोल्हापूरची भाऊबंदकी आणि 1731 चा वारणेचा तह आठवणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. ‘युरोपा’च्या 2025 च्या पाचव्या भागात राजधानीपासून दूर जावं तशी हुकमत पातळ होते, रस्ते बांधा, तरी टोकाला ती लंगडीच. विस्तार जड जातो. आणखी जड गेला असता तरी चाललं असतं. मुलूख जिंकायला पाठवलेल्या सरदाराने तिथेच आपलं घराणं थाटावं, हिशेब द्यायला टाळाटाळ करावी आणि तरी बोलावल्यावर फौज घेऊन यावं, किंवा न यावं: शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यासारखा असा सरदार माझ्या पाहण्यातल्या एकाही खेळाला अजून नीट जमलेला नाही.