प्रवासवर्णनातली आज्जी

दिवाळी अंक हातात आला की मी आधी प्रवासवर्णनं वाचते. कथा मागाहून. गेल्या काही वर्षांत त्यात एक नवा प्रकार आलाय. मुलगा-सून मुलांना घेऊन सुट्टीला एखाद्या बेटावर जातात, आई-वडिलांनाही बोलावून घेतात, आणि परत आल्यावर आई लेख लिहिते. अंदमान, बाली, मॉरिशस, मालदीव. बेट बदलतं, लेख बदलत नाही. विमानातली खिडकीची जागा, निळंशार पाणी, नातवंडांचे वाळूचे किल्ले, 'आपलं जेवण' मिळाल्याचा आनंद, आणि शेवटी मुलांचं कौतुक करताना डोळ्यांत पाणी. माझ्या ओळखीतल्या तिघींनी असा लेख लिहिलाय. एक मीही लिहिलाय, अंदमानवर. बोलायचं तर त्यावरच बोलते. दुसरीच्या लेखाला नावं ठेवून बस्तीत तोंड कसं दाखवू?

परवा तो लेख पुन्हा वाचला. सगळ्यात खटकली ती त्यातली क्रियापदं. 'सोय झाली', 'मजा आली', 'दर्शन घडलं', 'वेळ कसा गेला कळलं नाही'. सगळं आपोआप होतंय, करणारा माणूस कुठंच नाही. सेल्युलर जेल बघून 'मन भरून आलं' एवढं एक वाक्य, आणि पुढच्याच ओळीत शहाळं. सातांपैकी तीनच भुजा आता उभ्या आहेत, तिथं मी तासभर काय बघत होते, ते लेखात नाही. पैसे कुणी भरले, तेही नाही. गुडघे दुखत असताना बोटीत कशी चढले, नाही.

गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' आम्हाला कॉलेजात थोडं होतं, पुढं लग्नानंतर सगळं वाचलं. वरसईचा हा माणूस 1857 साली उत्तरेकडं निघाला तो का? घरावर कर्ज होतं आणि तिकडं यज्ञात दक्षिणा मिळेल अशी आशा होती म्हणून. सरळ सांगून टाकलंय. भीती वाटली तिथं भीती, लुबाडलं तिथं लुबाडलं. आणि परतताना गंगेची कावड खांद्यावर आणून आई-वडिलांना स्नान घातलं. आता मुलं तीर्थ घरी आणत नाहीत, आई-बापांनाच उचलून समुद्रापाशी नेतात. माया तीच असेल. पण ज्यांना नेलं त्या आई-बापांना तिथं काय झालं, हे आपण लिहीत नाही. 'घरचं बाहेर कशाला?' असं आमचे हे म्हणतात. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये नवऱ्याशी झालेली भांडणं लिहिली, म्हणून टिळकांचा मान काही कमी झाला नाही.

तर माझ्या लेखात नसलेली ती संध्याकाळ. डिसेंबरचा शेवट, हॅवलॉक, म्हणजे आताचं स्वराज द्वीप. अंदमान आपल्यापासून इतकं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. बेळगावात तेव्हा सूर्य सहानंतर मावळतो, तिथं पाचच्या सुमारास. दोन घटका आधी जेवण उरकायचं म्हणजे सव्वाचारला पान वाढलेलं हवं. हॉटेलचं स्वयंपाकघर तीनला बंद होऊन सातला उघडायचं. आणि मुलानं नेमकी त्याच दिवशी गाडी ठरवलेली, पावणेचारला निघून राधानगरच्या किनाऱ्यावर सगळ्यांनी मिळून सूर्यास्त बघायचा.

"आई, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," तो म्हणाला. रागानं नाही. रागानं म्हणाला असता तर बरं झालं असतं. सहा महिने पैसे साठवून त्यानं हे ठरवलं होतं, आणि त्याच्या मनातल्या चित्रात मी त्या वाळूवर उभी होते. मी म्हटलं, "तुम्ही जाऊन या." सून गप्प. नात माझा पदर धरून रडायला लागली. शेवटी ती सगळी गेली. हे माझ्यासाठी म्हणून मागं राहिले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. उपाशी राहायचं ठरवून मी पायरीवर बसले. नेमाचा अभिमान होता की पोराचा राग होता, अजून सांगता येत नाही.

स्वयंपाकी मागच्या दारानं बाहेर पडत होता. बंगाली माणूस. हिंदीत विचारलं, काय झालं माँ? कांदा नको, बटाटा नको, आणि अंधार पडायच्या आत, एवढं ऐकून तो उलटा फिरला. कुलूप काढलं, मूगडाळ-भात टाकला, माझ्यासमोर तवा दोनदा घासून पापड भाजला. त्याची आज्जी विधवा होती, ती कसं जेवायची ते सांगत होता. आजोबा पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आले, जंगल तोडून शेत केलं, असंही म्हणाला. माझ्या लेखात या सगळ्याचं झालंय 'जेवणाची उत्तम सोय झाली'.

त्या वाक्याचा परिणाम मला फोनवर कळला. निपाणीकडच्या एका बाईंनी लेख वाचून सासू-सासऱ्यांसह तिकिटं काढली. परत आल्यावर म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही लिहिलं होतं म्हणून गेलो हो. सासूबाई पाच दिवस केळी आणि शहाळ्यावर होत्या." ओरडल्या नाहीत. मीही 'अगंबाई, हो का' म्हणून फोन ठेवला. तो भात कसा मिळाला होता, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

आणि आणखी एक. लेखात राधानगरच्या सूर्यास्तावर आठ ओळी आहेत. सोनेरी पाणी, केशरी आभाळ, हातात नातीचा हात. अंकवाल्यांनी त्यातलीच एक ओळ चौकटीत छापली होती. मी जेवत होते तेव्हा. काळोख झाल्यावर गाडी आली, नात धावत येऊन मांडीवर बसली. मी विचारलं, कसा होता गं सूर्य?

"दिसलाच नाही आज्जी," ती म्हणाली, "ढग होते."