झिरो बॅलन्स खातं: अडचण शिल्लक ठेवण्याची की पैसे काढण्याची?

'झिरो बॅलन्स खातं' हे शब्द कोल्हापुरात बँकेच्या काउंटरवर तुम्ही नक्की ऐकले असतील. कागदोपत्री त्याला 'मूलभूत बचत ठेव खातं' म्हणतात. २००५ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'नो फ्रिल्स' नावाने ते आणलं, २०१२ मध्ये त्याला आत्ताचं नाव दिलं, आणि २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाल्यावर ते घरोघरी पोचलं. खाती किती उघडली हे आपल्याला वारंवार सांगितलं जातं. माझा प्रश्न वेगळा आहे. कमी आणि तुटक कमाई असलेल्या माणसाला हे खातं सोसतं का?

यावर गाजलेला एक शोधनिबंध आहे: दुपास, कार्लन, रॉबिन्सन आणि उबफाल या चौघांचा, २०१८ चा. त्यांनी युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत लोकांना साधी बँक खाती मिळवून दिली आणि दोन वर्षं वाट बघितली. दोन वर्षांत पाच किंवा जास्त वेळा पैसे भरणारे निघाले युगांडात १७ टक्के, मलावीत १० टक्के आणि चिलीत ३ टक्के. बचतीवर किंवा राहणीमानावर ठळक असा परिणाम दिसला नाही. त्यांचा निष्कर्ष असा की नुसती खाती वाटून फारसं काही सुधारणार नाही.

निबंध चांगला आहे, पण त्याचं माप आपल्याकडे जसंच्या तसं लावलं तर गडबड होते. ते मोजतात पैसे किती वेळा *भरले*. आता 'लाडकी बहीण' योजनेचं खातं घ्या. २०२४ पासून महिन्याचे १,५०० रुपये सरकारकडून थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. एखादी बाई पैसे आले की सगळे काढून आणते आणि पुढच्या हप्त्यापर्यंत बँकेकडे फिरकत नाही. जमा बाजू बघितली तर हे खातं एकदम चालू! पण ते खातं तिचं म्हणायचं की सरकारी पैसा तिच्यापर्यंत आणणारी नळी? जमा नोंदींवरून हे कळत नाही. त्यासाठी पैसे *काढायची* बाजू बघावी लागते.

चार वेळांचा हिशोब

नियम सांगतो की या खात्यातून महिन्याला किमान चार वेळा पैसे काढणं मोफत असलं पाहिजे, आणि एटीएममधून काढलेलेही त्यातच धरायचे. त्यापुढे सवलत द्यायची की पैसे लावायचे, हे बँकेच्या हातात. ऐकायला चार म्हणजे पुरेसे वाटतात. महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्याला ते पुरतातही.

इचलकरंजीच्या यंत्रमागावर मजुरी आठवड्याला होते. वर्षाचे आठवडे ५२ आणि मोफत वेळा ४८. म्हणजे आठवड्याला फक्त एकदाच पैसे काढणारा कामगारसुद्धा या चौकटीत बसत नाही! आणि हातात जास्त रोख ठेवली की ती संपते, म्हणून तो थोडे थोडेच काढणार. समजा आठवड्याला दोनदा ३०० रुपये काढले. चार आठवड्यांत आठ वेळा झाले, म्हणजे चार जादा.

जादा वेळेला किती पडायचे? आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आशिष दास यांच्या अभ्यासाची २०२१ मध्ये बरीच चर्चा झाली. त्यानुसार स्टेट बँक अशा खात्यांवर चारनंतरच्या प्रत्येक व्यवहाराला १७ रुपये ७० पैसे घेत होती (१५ रुपये आणि त्यावर जीएसटी), आणि त्यात यूपीआयसारखे डिजिटल व्यवहारही मोजले जात होते. २०१५ ते २०२० या काळात सुमारे १२ कोटी खात्यांवर मिळून ही रक्कम ३०० कोटींच्या वर गेली. डिजिटल व्यवहारांवर १ जानेवारी २०२० पासून घेतलेले पैसे परत करा, असं प्राप्तिकर मंडळाला ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सांगावं लागलं.

आपल्या मजुराचं गणित त्या दराने केलं तर महिन्याला ७० रुपये ८० पैसे जातात. ३०० रुपये काढायला १७.७० म्हणजे जवळपास सहा टक्के, आणि तेही स्वतःचेच पैसे हातात घेण्यासाठी.

मग लोक पिग्मी का भरतात?

'गरिबांकडे शिल्लकच नसते, ते बँकेत काय ठेवणार?' असं तुम्हाला कुणी म्हणालं तर 'पोर्टफोलिओज ऑफ द पुअर' (२००९) हे पुस्तक सुचवा. भारत, बांगलादेश आणि दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब कुटुंबांच्या पैशांच्या वर्षभराच्या नोंदी त्यात आहेत. त्यातून दिसतं ते असं: शिल्लक थोडी, पण उलाढाल भरपूर. पैसा सारखा येतो-जातो. झिरो बॅलन्स खात्याने शिल्लकीची अट काढली हे बरंच झालं, पण येण्या-जाण्याचा प्रश्न तिथेच राहिला.

आपल्या भागात हा प्रश्न पिग्मीने कधीच ओळखला. पिग्मी आली शेजारच्या कर्नाटकातून, सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये सुरू केली. एजंट रोज दुकानात, हातगाडीवर, घरी येतो. पन्नास द्या नाहीतर शंभर, घेतो आणि नोंद करतो. बँकेत जायचं म्हणून अर्धा दिवस खाडा होत नाही. मुदतीआधी मोडली तर अनेक ठिकाणी कमिशन कापतात, हे लोकांना माहीत असतं, तरी ते भरतात. हा अडाणीपणा नाही. दारात येऊन पैसे नेणं आणि रोजची शिस्त लावणं, या सेवेची ती किंमत आहे.

पण इथे एक धोका आहे. ५ लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना लागू आहे, नागरी सहकारी बँकाही त्यात आल्या. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्यातल्या पिग्मीला हे संरक्षण नाही. म्हणजे हातगाडीवाल्यापुढे पर्याय असे: खातं सुरक्षित पण गैरसोयीचं, पिग्मी सोयीची पण संस्था बुडाली तर हातात फक्त पासबुक. झिरो बॅलन्स खात्याबद्दल माझी खरी तक्रार ही आहे. त्याने या माणसाची निवड सोपी केली नाही.

खातं नकोच का?

असं अजिबात म्हणायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये 'लाडकी बहीण'चे पहिले पैसे आले तेव्हा काही बँकांनी किमान शिल्लक नसल्याचा दंड त्यातून वळता केला, आणि तसं करू नका म्हणून सरकारला सांगावं लागलं. ती साधी बचत खाती होती. झिरो बॅलन्स खात्यावर हा दंड लागूच शकत नाही.

उत्तर मध्य प्रदेशातला एक अभ्यासही (२०२१) आशादायक आहे. फील्ड, पांडे आणि सहकाऱ्यांनी रोजगार हमीची मजुरी बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा होईल अशी व्यवस्था केली आणि खातं कसं वापरायचं ते शिकवलं. दोन्ही मिळालेल्या बायका पुढे जास्त काम करू लागल्या, रोजगार हमीवर आणि बाहेरही. तिथे खात्यात कमाई येत होती, ती बाईच्या नावावर होती आणि तिला खातं चालवता येत होतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: मोफत वेळा ठरवताना पगारदाराचा महिना धरू नका, मजुराचा आठवडा धरा. बँक मित्राला पिग्मी एजंटासारखं दारोदार जाऊ द्या आणि त्या फेरीचा मोबदला द्या. आणि यश मोजताना किती खाती उघडली यासोबत किती खात्यांत महिनाअखेर स्वतःहून ठेवलेला पैसा आहे, तेही सांगा.

तोवर तुम्ही एक करू शकता. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या मावशींचं पासबुक त्यांची हरकत नसेल तर एकदा त्यांच्यासोबत बघा. खातं साधं आहे की मूलभूत, आणि कशाकशाचे पैसे कापलेत? साधं बचत खातं अर्ज करून मूलभूत खात्यात बदलून मिळतं. त्या पिग्मी भरत असतील तर ती बँकेत जाते की पतसंस्थेत, हेही विचारा.