‘परिणाम नाही’ हे वाक्य कसं वाचायचं?
आयर्लंडमधल्या गॉलवे विद्यापीठाची डँगन इथली मैदानं कॉरिब नदीकाठी आहेत, आणि लॉख कॉरिब हे युरोपीय संघाचं संरक्षित क्षेत्र. अशा ठिकाणी क्रीडासंकुल बांधायचं तर १९९२च्या अधिवास निर्देशातलं कलम ६(३) आलंच: आधी चाळणी, शंका उरली तर सखोल मूल्यमापन.

असल्या चाळणी-अहवालांबद्दल माझी मुख्य तक्रार: ‘गाळ अडवू, म्हणून परिणाम नाही’ हा युक्तिवाद. अहो, गाळ अडवावा लागतो म्हणजे धोका आहेच ना! युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१८मध्ये (नोर नदीतल्या मोतीशिंपल्यांचं प्रकरण) सांगितलं, की असे उपाय चाळणीत धरायचे नाहीत. म्हणून त्याआधीचे आणि नंतरचे अहवाल एकाच रकान्यात टाकू नका.

आणि फ्लडलाइट? लॉख कॉरिबच्या संरक्षित यादीत उजेड टाळणारं एक वटवाघूळही आहे. फक्त पाण्यावर बोलणारा अहवाल तिथेच अपुरा पडतो.